मोटारखोलीतलं फिरतं पाणी

लग्न होऊन मी कन्हेरीत आले, त्याच्या चौथ्या दिवशी सासरे मला शेत दाखवायला घेऊन गेले. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणते. आबांनी ऊस दाखवला, विहीर दाखवली, बांधावरची आंब्याची दोन झाडं दाखवली आणि मोटारीच्या खोलीपाशी आल्यावर आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "आत डोकाव, पन लांबूनच. सर हायेत."

मोटारीची खोली म्हणजे विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर ठेवायची पत्र्याची खोली. तिथं खताची पोती, पाने-पकडी आणि फार तर एखादा विंचू असायचा. मी डोकावले तर आत एक भलंमोठं लोखंडी चाक आडवं बसवलेलं, त्यावर छातीएवढ्या उंचीची काचेची टाकी, टाकीत पाणी, आणि टाकीशेजारी त्याच चाकावर स्टूल टाकून बसलेले एक टक्कल पडलेले गृहस्थ. चाक सावकाश फिरत होतं. टाकीही फिरत होती आणि गृहस्थही फिरत होते. दारासमोर आल्यावर त्यांनी मला पाहिलं.

"नमस्कार. तुम्ही..." एवढं बोलून ते पलीकडे गेले. अर्ध्या मिनिटानं फेरा पुरा झाला तेव्हा उरलेलं वाक्य आलं, "...नव्या सूनबाई ना?"

मी 'हो' म्हणाले ते त्यांच्या पाठीला. पुढच्या फेरीला त्यांनी शिक्षण विचारलं. मी एम.ई. मेकॅनिकल सांगितलं. त्याच्या पुढच्या फेरीला ते म्हणाले, "मग दारात काय करताय? आत या. चालत्या चाकावर चढताना डावा पाय आधी टाका."

अंगावर नवं लुगडं, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, अशी मी डावा पाय आधी टाकून चढले. आबा बाहेर उभे राहून कौतुकानं बघत होते. त्यांची सून चौथ्या दिवशी एका परक्या माणसाबरोबर गोल गोल फिरते आहे, याचं त्यांना काहीच वाटलं नाही, कारण सर त्या घरात परके नव्हतेच.

सर त्या खोलीत कसे आले ती कथा आबा वर्षातून तीनदा तरी सांगतात. ते ठिबकचं खत ड्रममध्ये ढवळत होते. "मी आपला काठी घालून गोल गोल ढवळतोय, तर ह्यो मानूस रस्त्यानं सायकलवरनं चाललेला. थांबला, उतरला आन् म्हनतो, तुम्ही ढवळत नाही आहात, नुसतं फिरवताय. मी म्हनलं, तुमी कोन? तर म्हनतो, ते नंतर." मग सरांनी एक बादली पाणी आणि गुळाचा खडा मागून घेतला. गूळ चुरून बादलीत टाकला, आबांना त्यांच्या पद्धतीनं हळूहळू गोल ढवळायला लावलं आणि वरचं चमचाभर पाणी पाजलं. ते पाणचट. तळाचं पाजलं, तर ते काकवीसारखं. मग सरांनी काठी घेऊन आडवंतिडवं, वर-खाली असं बादलीशी भांडण केल्यासारखं ढवळलं आणि पुन्हा वरचं पाजलं.

"गोल फिरवलं की सगळं पाणी एकसाथ फिरायला लागतं, आबा. वरचं वर राहतं, खालचं खाली. मिसळायला खळबळ लागते. खळबळ!" हे सांगताना आबाही दोन्ही हात सरांसारखे हलवतात. त्या मोसमात त्यांचा ऊस जास्तीच्या खतानं कुठंच जळाला नाही, कारण खत सगळीकडे सारखं गेलं. आबांनी न मागता मोटारखोलीची किल्ली सरांच्या हातावर ठेवली.

सर बारामतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात द्रव-यांत्रिकी शिकवायचे. त्यांची टाकी आधी तिथंच, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत होती. ती एकदा गळली आणि पाणी खालच्या परीक्षा विभागात तपासलेल्या उत्तरपत्रिकांवर पडलं. तेव्हापासून टाकीला कॉलेजात थारा उरला नव्हता. सरांना त्याचं वाईट वाटलं नाही. "कशा गळल्या धारा, ते नीट बघायला मिळालं," एवढंच ते म्हणाले.

चाक बनवलं शब्बीरभाईंनी. त्यांचं बारामतीत लेथचं दुकान होतं. साखर कारखान्यात मळीतून साखर वेगळी काढायला जोरात गरगरणारं यंत्र असतं. तसल्या एका भंगारात निघालेल्या यंत्राचं बेअरिंग त्यांनी शोधून आणलं, वर थ्री फेज मोटार बसवली, गिअर घातले आणि विचारलं, "सर, किती फेरे पाहिजेत?"

"मिनिटाला दोन."

शब्बीरभाईंनी हातातला पाना खाली ठेवला म्हणे. "सर, हे मशीन मिनिटाला हजार फेरे घ्यायचं. त्याला दोनवर आणून तुम्ही त्याची इज्जत काढताय." पण त्यांनी चाक असं बसवलं, की फिरताना टाकीतल्या पाण्यावर साधा थरथराटही उठत नसे. पुढं ते स्वतः गिऱ्हाइकांना कन्हेरीला घेऊन येऊन ते चाक दाखवायचे.

मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. म्हणजे घेतलेल्या तासांपुरती नोकरी, दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत. सर माझे विभागप्रमुख झाले, मग पीएच.डी.चे मार्गदर्शक झाले. माझ्या सासरच्या शेतात माझेच साहेब बसलेले असायचे आणि दुपारी माझ्याच हातची भाकरी खायचे. पण त्यांच्याकडून कौतुक ऐकायचं म्हटलं तर जन्म गेला असता. पहिल्यांदा जेवले तेव्हा आबांनी कौतुकानं विचारलं, "कशी झालीया भाजी, सर?"

"एकदाच जेवलोय," सर म्हणाले. "एका जेवणावर काय सांगणार?"

ही त्यांची खोड सगळ्याच बाबतीत होती. एक भोवरा म्हणजे अफवा, असं ते वर्गात सांगायचे. हजार भोवरे मोजा, मग बोला. नवा प्राचार्य कसा आहे म्हणून विचारलं तर 'अजून मोजतोय' म्हणायचे. त्यांच्या वहीत टाकीच्या आकड्यांशेजारी ऊन होतं का ढग, वारा कुठला, जेवायला काय होतं, असं सगळं टिपलेलं असे. माझ्या लग्नानंतर सहा वर्षांनी एका दुपारी ताटावरून उठताना ते मला म्हणाले, "तुमच्या हाताला चव आहे. आता खात्रीनं सांगता येईल." मी आत जाऊन सासूबाईंना सांगितलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. त्या म्हणाल्या, "येडी का खुळी तू."

ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मला 'मॅडम', शिपायाला 'साहेब', आणि रस्त्यात आडवी आलेल्या म्हशीलाही 'जरा बाजूला होता का?' कॅन्टीनमध्ये कोणी चहा गोल ढवळताना दिसलं, तर पलीकडच्या टेबलावरून उठून यायचे, 'परवानगी आहे?' म्हणून त्याचा चमचा घ्यायचे आणि वर-खाली ढवळून परत द्यायचे. नवीन पोरं बावचळायची. जुनी पोरं त्यांना बघूनच मुद्दाम गोल ढवळायची.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं निरवांगी. तिथल्या जत्रेला मी सरांना एकदा नेलं, ती माझी हौस मला पुरून उरली. जत्रेत लाकडी घोड्यांचा गोल फिरणारा पाळणा आला होता. सरांनी पाळणेवाल्याला गाठून आपल्याला अगदी मधे, खांबाजवळ बसू देण्याची गळ घातली. हातात पाण्यानं भरलेली लोणच्याची काचेची बरणी, खिशात निळीची बाटली. पाळणा सुरू झाला. सर डोळे बरणीवर लावून मोठ्यानं आकडे मोजत बसले. दहा-पंधरा फेरे झाल्यावर त्यांनी बरणीत निळीचे दोन थेंब सोडले. एरवी नीळ पाण्यात धुरासारखी पसरते. इथं तिचे उभे पडदे झाले, सरळ तळापर्यंत उतरले आणि एकमेकांत न मिसळता तसेच फिरत राहिले. मी काठावरून ते पाहिलं आणि खरंच अंगावर काटा आला.

पण बाकीच्यांनी काय पाहिलं? एक टकला माणूस फिरत्या पाळण्यावर पुटपुटतोय आणि पाण्यात काहीतरी टाकतोय. तो खाली उतरेपर्यंत बायकांची रांग लागली होती. पहिलीच आमच्या भावकीतली काकू. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि विचारलं, "महाराज, थोरलीचं लगीन कवा जमंल, तेवढं बघा की बरनीत."

सरांना गरगरत होतं. ते एका बाजूला जाऊन ओकले, चूळ भरली आणि परत येऊन काकूला अगदी गंभीरपणे म्हणाले, "अहो, एका थेंबावरून भविष्य सांगता येत नाही." काकूला ते पटलं. तिनं घरून आणखी नीळ आणली. मला त्या गर्दीतून सरांना बाहेर काढून एस.टी.त बसवताना नाकी नऊ आले.

आता त्या टाकीत ते नक्की काय मोजत होते ते सांगते. नाहीतर पुढचं कळणार नाही. सर ते वर्गात भाकरी आणि ऊस घेऊन सांगायचे, खरोखरच्या. पाण्यातून जाळी ओढली की खळबळ माजते, हजारो लहान-मोठे भोवरे उठतात. पाणी साधं, स्वस्थ असेल तर भोवरे सगळ्या बाजूंनी सारखे. पण खाली खारं, जड पाणी आणि वर गोडं, हलकं पाणी असे थर असतील, तर भोवऱ्याला वर-खाली जायला जड जातं. तो चपटा होतो, भाकरीसारखा. उलट, सगळी टाकीच फिरत असेल, तर भोवरे चाकाच्या आसाला धरून लांबतात. ते उभे होतात, उसासारखे. थर आणि फिरणं दोन्ही असेल तर? तिथं कोण जिंकतं, ते एका भोवऱ्याकडं बघून कळत नाही. जाळी ओढायची, पाण्यात चकाकणारी पूड टाकून फोटो घ्यायचे, वर-खालीची धडपड किती आणि आडवी किती ते मोजायचं, पाणी संथ होऊ द्यायचं आणि पुन्हा जाळी ओढायची. असं शेकडो वेळा. त्यातून जो आकडा स्थिर राहील तो खरा.

सरांचा असा एक आकडा होता. थर नसलेलं साधं पाणी अगदी सावकाश फिरवलं, तर भोवरे थोडे उभे होतील असं सगळं जग धरून चाललं होतं. सरांच्या टाकीत ते किंचित चपटे निघाले. म्हणजे फिरणं आधी भोवऱ्याला दाबतं आणि मग उभं करतं, असं सरांनी गणित मांडून दाखवलं आणि परदेशातल्या एका मासिकानं ते छापलं. दुसऱ्या कुणाच्या टाकीत तसं दिसलं नाही, त्यावर सर म्हणायचे, त्यांच्या भिंती फार जवळ आहेत. आमच्या कॉलेजातून बाहेरदेशी छापला गेलेला तो एकमेव लेख. त्याचं पहिलं पान फ्रेम करून प्राचार्यांच्या दालनाबाहेर लावलेलं होतं, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी ते दाखवत.

माझा प्रबंध त्याच आकड्यावर उभा होता. त्यात मीठ घालून पुढं काय होतं, ते मी मोजलं होतं. सात वर्षं गेली होती. विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ दिली होती मार्चअखेरपर्यंत, आणि ती चुकली तर नाव रद्द. कायम जागेची जाहिरात निघणार होती, तिला पीएच.डी. हवी होती. माझं वय अडतीस. यापुढं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची ताकद माझ्यात नव्हती.

जानेवारीत लिखाण संपत आलं. एका दुपारी मी, सर आणि आबा मोटारखोलीच्या सावलीला जेवायला बसलो होतो. आबांनी विचारलं, "पोरीचं पुस्तक झालं म्हंजी टाकी आता बंदच का सर?"

"काही दिवस तरी. का हो?"

"न्हाय, माझ्या आंघुळीची पंचाईत हुईल."

सरांना वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं. आबा जरा लाजले. "तुमी साध्या पान्याचं काम करून गेला की मी वरचं पानी तांब्यानं काढून घेतो. थंडीच्या दिसांत झ्याक कोमट असतंय. मिठाचं न्हाय हां कधी घेतलं. आन् तेवढं परत भरून ठिवतो."

"वरचंच का घेता?"

"खालचं गार असतंय की! पत्रा तापतो, वरचं पानी तापतं. खालपतूर कुठलं पोचतंय?"

सरांचा घास हातातच राहिला. "आणि रात्रीच्या लाईटीच्या आठवड्यात?"

"तवा तुमी येतच न्हाय. एकदा भरून ठिवलेलं तुमी, म्हनून मी पहाटं घेतलं, तर हुडहुडी भरली. वर बी गार, खाली बी गार."

शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. चाकाची मोटार थ्री फेजवर चालणारी. सर फक्त दिवसाच्या लाईटीच्या आठवड्यात यायचे, कॉलेजचं टाइमटेबलसुद्धा त्यांनी त्यावर बसवून घेतलं होतं. सकाळी टाकी भरायची, दोन-तीन तास फिरू द्यायची, आणि पाणी चाकाशी एकजीव झालं की भर दुपारी मोजायला लागायचं. तापमान आम्ही रोज घ्यायचो, पण एकदाच. टाकी भरताना, बादलीत.

सर उठले, हात धुतला, आत गेले आणि शर्टाची बाही न दुमडता काखेपर्यंत हात टाकीत घातला. वर आणला, खाली नेला, पुन्हा वर आणला. मी थर्मामीटर आणायला निघाले, तर म्हणाले, "राहू द्या. हाताला कळतंय."

ज्या पाण्याला आम्ही बिनथराचं म्हणत होतो, त्यात उन्हानं थर केले होते. भोवरे चपटे केले होते ते पत्र्यानं, फिरण्यानं नाही. आयुष्यभर थरांवर बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यावर तो पत्रा वीस वर्षं तापत होता.

मला राग आला तो आबांचा. या माणसानं इतके हिवाळे गुपचूप कोमट पाण्यानं आंघोळ केली आणि नेमकं माझ्याच प्रबंधाच्या तोंडावर याला ते सांगायचं सुचावं! आणि मग मी जे बोलले, ते लिहितानाही मला लाज वाटते. मी सरांना म्हणाले, "सर, हे फक्त आपल्या तिघांनाच माहीत आहे."

"पाणी धरून चौघांना," सर म्हणाले. त्यांनी ओली बाही पिळली, सायकल काढली आणि गेले.

दोन दिवस ते कॉलेजात आले नाहीत. मी त्या दोन दिवसांत त्यांच्या जुन्या वह्या काढून बसले. खरं सांगते, काहीतरी पळवाट सापडेल म्हणूनच बसले. पान उलटता उलटता ते सगळे शेरे दिसायला लागले. 'कडक ऊन. पिठलं.' 'ढगाळ. वांगं.' मी उन्हाच्या दिवसांचे आकडे एका रंगात मांडले आणि ढगाळ दिवसांचे दुसऱ्या. दोन्ही ठिपक्यांचे वेगवेगळे पुंजके झाले. ढगाळ दिवशी भोवरे चपटे नव्हतेच, आणि हे पहिल्या वहीपासून तसंच होतं.

तो कागद घेऊन मी त्यांच्या बारामतीच्या घरी गेले. दार त्यांच्या पत्नीनं, काकूंनी उघडलं. "बघा बाई तुम्हीच. परवापासून नीट जेवले नाहीत." सर खिडकीशी बसले होते. इतके म्हातारे ते मला पूर्वी कधी दिसले नव्हते. मला त्यांची दया आली, आणि दया आली याचंही वाईट वाटलं.

त्यांनी कागद हातात घेतला. बराच वेळ बघितला. चष्मा काढून, जवळ धरून पुन्हा बघितला. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, आणि मी घाबरून काकूंना हाक मारणार, तेवढ्यात कळलं की ते हसताहेत.

"म्हणजे दर ढगाळ दिवशी पाणी मला सांगत होतं, मॅडम. आणि मी त्याला सरासरीत दाबून टाकत होतो." ते पुन्हा हसले, डोळे पुसले. "चुकीचं एकही रीडिंग नाही हो यात. आम्ही त्याला नाव चुकीचं दिलं. इतका बारीकसा थर, हाताला जेमतेम कळणारा, तो फिरण्याला भारी पडतो. हे कुठं कुणी मोजलंय? हे तुमचं चौथं प्रकरण."

"पण सर, मग तुमचा लेख..."

"काकूंना सांगा, मला भूक लागलीय."

मार्चअखेर दीड-दोन महिन्यांवर होती. आम्ही पत्र्यावर हातभर उसाचं पाचट पसरलं. साठीला टेकलेले सर शिडीवर चढून पेंढ्या वर घेत होते आणि आबा खालून ओरडत होते, "सर, उतरा, हात-पाय मोडून घेताल!" रात्रीच्या लाईटीच्या आठवड्यात आम्ही पहाटे पाचला मोजायला लागायचो. सर कानटोपी घालून सायकलवर बारामतीहून यायचे. आता टाकीत पाच ठिकाणी थर्मामीटर होते, आणि आबा त्यांचे आकडे मोठ्यानं वाचायचे, कारण ही कल्पना आपली आहे याबद्दल त्यांच्या मनात काही शंका नव्हती.

दहाव्या पहाटे पुरेसे आकडे जमले. लॅपटॉपवर चित्र उमटलं. भोवरे किंचित उभे होते. सगळं जग म्हणत होतं तसे. वीस वर्षांचा सरांचा आकडा त्या चित्रात कुठंही नव्हता. मला त्यांच्याकडं बघायचा धीर होईना. मागून त्यांचा आवाज आला, "उभे राहिले की हो! आबा, या, बघा, उभे राहिले!" आणि ते आबांना हाताला धरून स्क्रीनपुढं घेऊन आले, घरात पाहुणा आल्यासारखं.

प्रबंध मी मार्चच्या शेवटच्या दिवशी जमा केला. सरांनी त्या मासिकाला स्वतःच्या लेखातला निष्कर्ष चुकीचा असल्याचं पत्र लिहिलं. प्राचार्य म्हणाले, मे महिन्यात तुमचा निरोप समारंभ आहे, तेवढा होऊ द्या, मग पाठवा. सर म्हणाले, आजच टाकतो. फ्रेम मात्र प्राचार्यांनी उतरवली नाही. तिथं दुसरं लावायला काही नव्हतं.

व्हायवा दिवाळीनंतर झाली, कॉलेजच्या सभागृहात. सर तोवर निवृत्त झाले होते, पण मार्गदर्शक म्हणून हजर होते. सगळ्यांना खुली असते म्हणून आबाही आले होते, परीटघडीचं धोतर आणि पांढरी टोपी घालून, सरांच्या शेजारी पहिल्या रांगेत. बाहेरून आलेले परीक्षक शांत स्वभावाचे होते. त्यांनी दीड तास नीट ऐकलं, चौथ्या प्रकरणावर खूप विचारलं, टाकीच्या तापमानाची शंका प्रथम कुणाला आली हेही विचारलं. मी आबांचं नाव घेतलं आणि आंघोळीचं सांगितलं. सभागृह हसलं. आबा उठून नमस्कार करून बसले.

मग परीक्षकांनी चष्मा वर केला. "एकच प्रश्न राहिला. प्राचार्यांच्या दालनाबाहेर तुमच्या मार्गदर्शकांचा लेख फ्रेम करून लावलाय, तो मी येताना वाचला. तुमच्या मते त्यातला निष्कर्ष बरोबर आहे की चूक?"

मला माहीत होतं हा प्रश्न येणार. मी त्याचं उत्तर रात्रभर पाठ केलं होतं. 'त्या काळातल्या साधनांच्या मर्यादेत', 'काही अंशी', 'वेगळ्या दृष्टीनं पाहता'. प्राचार्य बसले होते, सगळे सहकारी बसले होते, कायम जागेची मुलाखत घेणारे दोघे बसले होते. सर समोर हाताची घडी घालून बसले होते. या माणसानं मला चालत्या चाकावर चढायला शिकवलं, आणि त्याच्या तोंडावर मी काय बोलू?

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मदत म्हणून नाही. जाळी ओढल्यावर पाण्याकडं बघायचे, तसं नुसतं पुढं काय होतं म्हणून बघत होते.

"चूक आहे," मी म्हणाले.

परीक्षक कागदावर काहीतरी लिहायला वाकले. तेवढ्यात सर शेजारी वळले आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऐकलंत का आबा? झाल्या पास."

परीक्षकांनी अजून सहीसुद्धा केली नव्हती.